तह झाला, मैत्रीचे काय?

युद्ध संपले की तह होतो. पण तहाने वैर संपतेच असे नाही. फ्रान्स व जर्मनी यांचा इतिहास याची साक्ष देतो. १८७१ मध्ये विजयी जर्मनांनी आपल्या साम्राज्याची घोषणा फ्रान्समधील व्हर्सायच्या राजवाड्यात केली. १९१९ मध्ये त्याच दालनात पराभूत जर्मनीला तहावर सही करावी लागली. अपमानाचे उट्टे अपमानाने निघाले आणि वीस वर्षांत दुसरे महायुद्ध पेटले.

१९४५ नंतर मात्र वाट बदलली. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी दोन्ही देशांचा कोळसा व पोलाद सामाईक संस्थेच्या हाती सोपविण्याची योजना मांडली. ज्यातून तोफा घडतात तेच सामाईक झाल्यावर चोरून युद्धाची तयारी कोण करणार? १९६३ मध्ये द गॉल व आडेनॉर यांनी मैत्रीकरार केला. त्याच वर्षी तरुणांच्या भेटीगाठींसाठी संयुक्त संस्था निघाली. लाखो मुलेमुली शेजारच्या देशात राहून आली. २००६ मध्ये तर दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक दोन भाषांत निघाले.

कोणी म्हणेल, हे सारे रशियाच्या धास्तीने घडले. काही अंशी ते खरेही आहे. परंतु १९९१ मध्ये सोव्हिएत संघ लयाला गेला, तरी ही मैत्री टिकली. कारण तिची मुळे तोवर घराघरांत व शाळांत रुजली होती. तहावर सह्या राज्यकर्ते करतात. शेजाऱ्याची भाषा शिकण्याचे आणि त्याच्या बाजूचाही इतिहास वाचण्याचे काम मात्र आपल्यासारख्या विद्यार्थ्यांचेच आहे.