विश्लेषण : 'अजब बंगल्या'त दंडार का व्हायला हवी?

दिवाळी सरली की पवनी तालुक्यातील आसगाव आणि चौरास पट्ट्यातील गावांत मंडईचे दिवस येतात. घरोघरी पाहुणे येतात, रात्री दंडार आणि खडी गंमत रंगते. हीच दंडार नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे 'अजब बंगल्या'त झाली तर?

कल्पना वाटते तितकी अजब नाही. वर्णभेद आणि वसाहतवादाचा इतिहास सांगण्यासाठी परदेशातील संग्रहालये आता नर्तकांना थेट दालनात बोलावतात. विदर्भाकडे तर त्यासाठी स्वतःचे कारण आहे.

'नमुने' म्हणून माणसे

मध्य प्रांत १८६१ मध्ये स्थापन झाला, त्यात भंडाराही होता. अजब बंगला १८६३ चा. १८६६-६७ मध्ये याच प्रांतातील जबलपूरला प्रदर्शन भरले आणि वस्तूंबरोबर तिथे आदिवासी माणसेही आणली गेली. कशासाठी? तपासण्यासाठी. त्यासाठी नेमलेल्या समितीच्या अहवालाच्या इंग्रजी शीर्षकातच या माणसांना 'स्पेसिमेन' म्हटले आहे. स्पेसिमेन म्हणजे नमुना. दगडाचा असतो, धान्याचा असतो, तसा.

ज्या नागपुरातून हा प्रांत चालवला जात होता, ते शहर वसवले गोंड राजा बख्त बुलंद शहाने. त्याच्याच समाजाकडे नव्या राज्यकर्त्यांनी असे पाहावे!

युरोपात हे आधीपासून सुरू होते. दक्षिण आफ्रिकेतील सारा बार्टमन हिला १८१० मध्ये लंडनला नेऊन तिकीट लावून दाखवले गेले. १८१५ मध्ये पॅरिसमध्ये तिचा मृत्यू झाला, पण तिचे अवशेष तिथल्या संग्रहालयात १९७० च्या दशकापर्यंत मांडलेले होते. ते मायदेशी परतले २००२ मध्ये. १८९७ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात काँगोतील २६७ जणांना आणले गेले. त्यातले सात जण तिथेच दगावले.

नाचाने काय होते?

काचेमागची वस्तू बोलत नाही. नाचणारा माणूस मात्र समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो. दंडारीत तर तो प्रेक्षकांची फिरकीही घेतो. कोण कोणाला पाहतोय, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

पण नुसता नाच बोलावून भागणार नाही. मंत्र्यांच्या स्वागताला आदिवासी पथक नाचवायचे, फोटो काढायचे आणि पथकाला उन्हात ताटकळत ठेवायचे, हे इंग्रज गेल्यावरही थांबलेले नाही. संग्रहालयाने तोच कित्ता गिरवला तर जबलपूरचीच उजळणी होईल. नाचाशेजारी त्या अहवालाची प्रत मांडावी, ती मराठीत आणि गोंडीत समजावून सांगावी. फलकावर कलावंतांची नावे आणि गावे लिहावीत. काय सादर करायचे, हे त्यांनाच ठरवू द्यावे.

मंडईला दंडारीचे पथक बोलावताना गावकरी बिदागी आणि जेवणाची सोय आधी बोलून घेतात. अजब बंगल्याने बोलणी तिथूनच सुरू करावीत.