वाटेवरचे महाकाय मारुतिराय

आज चैत्री पौर्णिमा. पहाटे गावोगावच्या देवळांत मारुतिजन्माचे कीर्तन रंगले, सूर्यबिंब वर येताच फुले उधळली गेली, सुंठवडा वाटला गेला. आता शाळांना सुट्ट्या लागतील आणि पुष्कळ कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनास किंवा आप्तेष्टांकडे मोटारीने निघतील. अशा प्रवासात हल्ली एक दृश्य वारंवार भेटते. रस्ता वळण घेतो, झाडांच्या शेंड्यांवर प्रथम मुकुट दिसतो, मग खांद्यावरची गदा, आणि पाहता पाहता आभाळाला टेकलेले मारुतिराय समोर उभे राहतात. मागे बसलेली मुले ओरडतात, आजी हात जोडते, आणि गाडी त्याच वेगाने पुढे निघून जाते.

विदर्भाकडे जाणाऱ्यांना हे नवे नाही. बुलढाणा जिल्ह्यात, मलकापूर आणि खामगाव यांच्या दरम्यान नांदुरा लागते. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा म्हणविला जाणारा राष्ट्रीय महामार्ग तेथून जातो, आणि त्याच्या कडेला १०५ फूट उंचीची हनुमंताची मूर्ती उभी आहे. विजयवाड्याहून हैदराबादेस जाताना परिताला येथे १३५ फुटांचे वीर अभय आंजनेय २००३ सालापासून वाटसरूंना अभय देत आहेत. सिमल्याच्या जाखू टेकडीवर २०१० साली १०८ फुटांची मूर्ती उभी राहिली. ती देवदारांच्या वर डोके काढून साऱ्या शहराकडे पाहते. सातासमुद्रापार त्रिनिदादमध्ये, जेथे १८४५ पासून आपले बांधव ऊसमळ्यांवर मजूर म्हणून नेले गेले, तेथील कॅरापिचैमा गावी दत्तात्रेयाच्या मंदिराच्या आवारात ८५ फुटांचे हनुमान आहेत.

अशा मूर्तींविषयी सुशिक्षित मंडळींत नाक मुरडण्याची रीत पडली आहे. हा भक्तीचा प्रकार नसून प्रदर्शनाचा आहे, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. विशाल रूप हे हनुमंताला कोणी आज चिकटविलेले नाही. तमिळनाडूत नामक्कल येथे एकाच शिळेत कोरलेले १८ फुटांचे आंजनेय हात जोडून नरसिंहाच्या दिशेने उभे आहेत. त्यांच्या गाभाऱ्याला छप्परच नाही. ऊन, पाऊस, चांदणे सारे थेट मस्तकावर. मूर्ती वाढत राहते, तिला छताने अडवायचे कसे, अशी तेथील श्रद्धा. तेव्हा वाटेत असे मारुतिराय दिसले तर अवश्य थांबावे. मात्र गाडी रस्त्यावरच उभी करून, काचेतून हात जोडून भागवू नये. वाहन आत न्यावे, पायउतार व्हावे आणि पायाशी जाऊन प्रदक्षिणा घालावी. दुरून जे खेळण्यासारखे वाटले होते, त्याच्या अंगठ्याशी उभे राहिल्यावर आपले बोलणे आपोआप हळू होते. मुलांना हेही दाखवावे की, एवढी उंच मूर्ती घडविताना मस्तक किंचित मोठे ठेवावे लागते, नाहीतर खालून पाहणाऱ्यास ते लहान भासते.

दिल्लीच्या करोल बागेतील १०८ फुटी हनुमानाची तऱ्हा तर आगळीच आहे. मंदिरात शिरायचे ते राक्षसाच्या जबड्यातून! मूर्तीचे हात यंत्राने हलतात. ठरलेल्या दिवशी छाती उघडते आणि आत राम-सीतेचे दर्शन घडते. काहींना हे बालिश वाटेल. पण आपल्या जत्रांतून लळिते, सोंगे, दशावतार यांनी हेच काम पिढ्यान्‌पिढ्या केले नाही काय? माझी हरकत यंत्राला नाही, जागेला आहे. भोवतालच्या अतिक्रमणाचा प्रश्न दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे आला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मूर्ती उचलून अन्यत्र नेता येईल काय, याचा विचार करण्यास न्यायालयाने सुचविले. देवाला हलविण्याची भाषा ऐकण्याची पाळी भक्तांवर यावी, याहून मोठी विटंबना कोणती? सार्वजनिक रस्त्यावर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे उभारू देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर २००९ सालीच झाला होता.

आणखी एक चिंता आहे, ती उंचीच्या चढाओढीची. शेजारच्या गावात १०५ फूट, तर आमच्या गावात १११ फूट! या इर्षेवर खुद्द रामायणातच उत्तर आहे. समुद्र ओलांडताना सुरसा आडवी आली. तिने जबडा वाढविला, हनुमंताने देह वाढविला. तिने आणखी वाढविला, त्याने आणखी. ही स्पर्धा शंभर योजनांपर्यंत गेली, आणि मग त्या बुद्धिमंताने अंगठ्याएवढे होऊन तिच्या मुखात शिरून बाहेर पडून तिला नमस्कार केला. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींनी हा प्रसंग एकदा वाचावा.

कारण मूर्ती उभी करणे हा खर्चाचा आरंभ असतो. दगडाचे देव शतकानुशतके टिकले. सिमेंटच्या पोटात मात्र लोखंड असते. बारीक भेगांतून पाणी झिरपले की ते गंजते, गंजले की फुगते आणि वरचा गिलावा फोडून बाहेर येते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राची मान खाली गेली. तो धातूचा होता, हे खरे. पण वारा, पाऊस आणि गंज देव-मानव असा भेद करीत नाहीत. म्हणून संकल्प सोडतानाच रंगरंगोटी, तपासणी आणि नित्य पूजा यांची तजवीज लिहून ठेवावी. शंभर फुटांच्या मूर्तीच्या पायाशी सायंकाळी दिवा कोण लावणार, हे आधी ठरावे. वेशीवरच्या शेंदरी मारुतीला निदान शनिवारी तेल घालणारा कोणीतरी असतोच.

प्रवास पुण्याहून कोल्हापूरकडे असेल, तर समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी काही वाटेवर आणि काही जवळपास आहेत. उंब्रज तर महामार्गावरच. मसूर आणि चाफळ तेथून हाकेच्या अंतरावर. शहापूरचा तो चुन्याचा मारुती. पारगावची मूर्ती सर्वांत लहान, जेमतेम दीड फुटाची. यांपैकी एकाचाही मुकुट झाडांवरून दिसत नाही. गावात गाडी थांबवून, पारावर बसलेल्या एखाद्या आजोबांना रस्ता विचारीत जावे लागते.