रात्रीचा गोंगाट आणि आमची झोंप

अन्न, पाणी आणि हवा यांवांचून मनुष्य जगत नाहीं, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. गांवच्या विहिरींत कोणी घाण टाकली तर सारा गांव धांवून जातो. दुधांत पाणी घालणारास चारचौघांत जाब विचारला जातो. परंतु झोंप हीहि शरीराची तितकीच मोठी गरज असतां, ती रोज रात्रीं थोडी थोडी चोरीस गेली तरी तिच्याबद्दल कोणी फिर्याद करीत नाहीं. चोर अंधारांत येतो, कांहीं उचलून नेल्याचें दिसत नाहीं, आणि सकाळीं अंग जड कां झालें याचें खापर आपण उन्हाळ्यावर, अभ्यासावर किंवा वयावर फोडतों. हा चोर म्हणजे रस्त्यावरील व रुळांवरील गोंगाट होय. शाळेच्या वार्षिकांत या विषयास स्थान देण्याचें कारण इतकेंच कीं, त्याच्या नुकसानींत विद्यार्थ्यांचा वांटा मोठा आहे, आणि तो कमी करण्याचें थोडेंबहुत सामर्थ्य विद्यार्थी व पालक यांच्याच हातीं आहे.

मेहरूण म्हटलें कीं जळगांवकरांस तलाव आठवतो आणि हिंवाळ्यांतलीं बोरें आठवतात. एके काळीं शहरापासून वेगळें असलेलें हें गांव आज शहराच्या पोटांत आलें आहे. सुरतेकडून धुळें, जळगांव, भुसावळ असा नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वीं ६ होता व आतां ५३ आहे, तो इच्छादेवी चौक व अजिंठा चौफुली यांवरून जातो. चौफुलीपासून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता फुटतो, व त्याच बाजूस औद्योगिक वसाहत आहे. जळगांव जंक्शनवर मुंबई-भुसावळ हा थोरला लोहमार्ग आणि सुरतेकडून ताप्तीच्या खोऱ्यांतून येणारा लोहमार्ग एकत्र मिळतात. तिकडे धुळ्यास तर हाच महामार्ग मुंबई-आग्रा रस्त्यास छेदून जातो. थोडक्यांत, पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मालाचा मोठा भाग खानदेशच्या उशापायथ्यावरून जातो, आणि त्यांतला पुष्कळसा रात्रीं जातो.

या गाड्या आमच्या शत्रू नव्हेत. रावेर-यावलकडील केळीं त्यांच्यावरच लादून उत्तर हिंदुस्थानांत पोंचतात; आमच्या शेतकऱ्याच्या घरांत येणारा पैसा त्यांच्या चाकांवर फिरतो. म्हणून ‘गाड्या बंद करा’ असें येथें कोणी म्हणत नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं, माल जावा पण झोंप जाऊं नये, असें करतां येईल किंवा नाहीं.

या विषयावर बोलूं लागलें म्हणजे पहिलें उत्तर ठरलेलें असतें: “आम्हांला आतां सवय झाली.” महामार्गाला लागून राहणारी माणसें हें अगदीं प्रामाणिकपणें सांगतात, व त्यांत खोटें कांहीं नाहीं. चार-सहा महिन्यांनीं मनुष्य गाडीच्या आवाजानें उठून बसत नाहीं, हें खरें. परंतु सवय होते ती मनाला; शरीराला होते असें नाहीं. डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहींत. आपण निजलों तरी कान पहाऱ्यावर उभा असतो, कारण रानांत राहणाऱ्या आमच्या पूर्वजांस श्वापदाची चाहूल झोंपेंतहि लागणें अवश्य होतें. निजणाराच्या अंगास यंत्रें जोडून शास्त्रज्ञांनीं पाहिलें आहे कीं, खोलींत ३५ डेसिबेलांच्या आसपास, म्हणजे कुजबुजीहून थोडा मोठा, आवाज झाला तरी मेंदूच्या लहरींत फरक पडतो. मनुष्य जागा होत नाहीं, सकाळीं त्यास कांहीं आठवतहि नाहीं. पण हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, आणि संकटाच्या वेळीं रक्तांत उतरणारीं द्रव्यें थोडीं थोडीं पाझरूं लागतात. गाढ झोंप हलकी होते. हें एका रात्रींत अनेक वेळां घडतें, व वर्षानुवर्षें घडत राहतें. ‘सवय झाली’ असें म्हणणाऱ्याचें हृदय मात्र रोज रात्रीं दचकत असतें.

याचा परिणाम काय होतो, तें आतां अंदाजावर राहिलेलें नाहीं. रात्रीं ज्या रक्तदाबानें उतरावयाचें, तो उतरत नाहीं. पुढें तो दिवसाहि चढा राहूं लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं यूरोपाकरितां जी मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत रस्त्यावरील वाहतुकीचा आवाज वाढत जाईल तसा हृदयविकाराचा धोका वाढतो, हें मान्य केलें आहे: सुमारें ५३ डेसिबेलांच्या पुढें दर १० डेसिबेलांस हा धोका शेंकडा ८ नें वाढतो. रात्रींपुरती मर्यादा रस्त्याच्या आवाजास ४५ व आगगाडीच्या आवाजास ४४ डेसिबेल सुचविली आहे. त्यापूर्वीं २०११ सालीं त्याच संघटनेनें हिशेब मांडला होता कीं, पश्चिम यूरोपांत वाहतुकीच्या गोंगाटापायीं दर वर्षीं निदान दहा लाख निरोगी आयुष्यवर्षें वायां जातात. आणि त्या हिशेबांत सर्वांत मोठा आंकडा झोंपमोडीचा होता. शेंकडा ८ हा आंकडा एका माणसाच्या दृष्टीनें लहान वाटेल. पण ज्या रस्त्याकांठीं हजारों माणसें निजतात, तेथें तो लहान राहत नाहीं.

विद्यार्थ्यांविषयीं जें दिसून आलें आहे तें अधिक विचार करण्यासारखें आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास व त्यापुढील वयाच्या मुलास आठ ते दहा तास झोंप लागते. दिवसा पाठ केलेलें रात्रींच्या झोंपेंत पक्कें होतें. म्हणून झोंप ही अभ्यासाची वैरीण नसून सोबतीण आहे. न्यूयॉर्क शहरांत एक शाळा उंचावरून जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गाला लागून होती, व दर चार-पांच मिनिटांनीं तेथून गाडी धडधडत जाई. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या विदुषींनीं १९७५ सालीं असें दाखविलें कीं, त्या शाळेंत रुळांकडील वर्गांतलीं मुलें दुसऱ्या बाजूच्या वर्गांतल्या मुलांहून वाचनांत मागें होतीं, आणि वरच्या इयत्तेंत हें अंतर जवळ जवळ एका वर्षाचें होतें. पुढें रुळांखालीं रबर बसविण्यांत आलें, वर्गांचीं छतें आवाज शोषणारीं केलीं, आणि १९८१ सालीं पुन्हां पाहतां दोन्ही बाजूंचीं मुलें सारखीं वाचूं लागलीं होतीं. जर्मनींतील म्यूनिक शहराचा विमानतळ १९९२ सालीं एका जागेवरून दुसरीकडे हलविला गेला, तेव्हांहि असेंच दिसलें. नव्या विमानतळाजवळच्या मुलांची वाचनशक्ति व स्मरणशक्ति घसरली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांची सुधारली. मुलें तींच. बदलला तो आवाज. या दोन गोष्टींत ताकीद आहे, तशी आशाहि आहे. गोंगाट गेला कीं गेलेलें पुष्कळसें परत येतें.

“ही सारी परदेशची हकीकत, आम्ही खिडक्या लावून घेऊं म्हणजे झालें,” असें कोणी म्हणेल. येथेंच खानदेशची अडचण यूरोपाहून निराळी आहे. तिकडच्या घराची बंद खिडकी बाहेरचा आवाज सुमारें २५ डेसिबेलांनीं कमी करते. उघडी खिडकी १० ते १५ डेसिबेलांनीं. पण जेथें वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, तेथें खिडकी लावून निजणार कोण? ज्यांच्या घरीं शीतयंत्र आहे ते निजतील. बाकीचे गच्चीवर किंवा धाब्यावर अंथरूण घालतील, आणि गच्चीला भिंतहि नाहीं व खिडकीहि नाहीं. जुन्या धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती निदान कांहीं आवाज अडवीत. पत्र्याच्या छपराखालीं तोहि आसरा नाहीं. म्हणजे गोंगाटाचा कर सर्वांवर सारखा बसत नाहीं. ज्याच्याजवळ कमी आहे त्याच्याकडून तो अधिक वसूल होतो. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, खानदेशांत गोंगाटावरचा उपाय निजणाऱ्याच्या दाराशीं नव्हे, तर गोंगाटाच्या उगमाशींच केला पाहिजे. ‘दारें लावून घ्या’ हा सल्ला आमच्या हवेंत सल्लाच नव्हे.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहापासून सकाळीं सहापर्यंत. शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या सभोंवतीं निदान शंभर मीटरांचें शांतता क्षेत्र सरकारास जाहीर करतां येतें व तेथें मर्यादा ५० व ४० आहे. सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २००५ च्या निकालांत रात्रीं वस्तींत भोंगा वाजविण्यास मनाई केली, व २०१० सालीं तीच मनाई नियमांत आली. २०१९ च्या दुरुस्तीनें विनाकारण भोंगा वाजविणारास पहिल्या वेळीं १,००० व पुन्हां केल्यास २,००० रुपये दंड सांगितला आहे. अनेक सुरांत किंचाळणारे भोंगे तर मोटारींच्या नियमांनीं मुळांतच निषिद्ध आहेत. नियमांत उणें नाहीं; उणें आहे तें पाळण्यांत.

डेसिबेलांचें गणित विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. येथें दहांची भर म्हणजे दहांची बेरीज नव्हे. दर १० डेसिबेलांस आवाजाची शक्ति दहापट होते. मालमोटारीचा दाबाच्या हवेचा भोंगा जवळून शंभराच्या पुढें जातो. ४५ ची मर्यादा व १०५ चा भोंगा यांत ६० चें अंतर, म्हणजे शक्ति दहा लाखपट! मध्यरात्रीनंतर रस्ता शांत झाला म्हणजे असा एकच भोंगा सबंध आळीची झोंप उडवितो. रात्रभराच्या सरासरींत तो बुडून जातो, पण निजलेल्या माणसाच्या छातींत बुडत नाहीं.

उगमाशीं उपाय कोणते? पहिला, जड वाहतूक वस्तीबाहेर नेणें. जळगांवकरितां तरसोदपासून पाळधीपर्यंत शहराबाहेरून वळणरस्ता आखला गेला तो याच विचारानें. पण वळणरस्त्यानें गोंगाट नाहींसा होत नाहीं, फक्त जागा बदलतो. आज शहराच्या मधोमध सांपडलेला महामार्गहि केव्हां तरी शहराच्या कडेलाच होता; वस्तीच त्याच्याकडे चालत गेली. नव्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस आज जें शेत आहे तेथें उद्यां बिनशेती होऊन बंगले व शाळा उभ्या राहिल्या, तर पुढची पिढी हाच लेख पुन्हां लिहील. तेव्हां कांठची मोकळी जागा राखणें हा नगररचनेचा धर्म आहे. दुसरा उपाय रात्रींचा वेग कमी करणें. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरानें २०२१ पासून रात्रीं दहा ते सहा वाहनांस ताशीं ३० किलोमीटरची मर्यादा घातली. वेग उतरला कीं चाकांचा घरघराट उतरतो व अपघातहि घटतात. तिसरा उपाय लोहमार्गाचा. फाटकाजवळ येतांच शिटी वाजविणें हें गाडीचालकाचें कर्तव्यच आहे, त्यास दोष देतां येत नाहीं. पण फाटकाच्या जागीं पूल झाला कीं त्या शिटीचें कारणच उरत नाहीं. पुलाची मागणी करतांना खोळंब्याबरोबर झोंपेचाहि हिशेब मांडावा.

कोणी म्हणतील, भोंगा नसेल तर अपघात होतील. संकट टाळण्यास भोंगा वाजवावा, त्यास कायद्याचीहि आडकाठी नाहीं. परंतु रात्रीं ऐकूं येणाऱ्या भोंग्यांपैकीं संकटाचे किती आणि संवयीचे किती, हें प्रत्येकानें आपल्या मनाशीं ठरवावें. आणि चालकाकडेहि माणूस म्हणून पाहावें. तो स्वतः रात्रीमागून रात्री जागतो. दिवसा गाडीखालच्या सावलींत जी डुलकी घेतो, ती आपण दिवसाच्या भोंग्यांनीं मोडतों. झोंपेचा हक्क त्यालाहि आहे.

आतां आपल्या दाराशीं येऊं. विद्यार्थिमित्रांनो, सकाळीं सहाच्या आंत तुम्हांस नेण्यास येणारी रिक्षा दारोदार भोंगा वाजवीत येते कीं नाहीं? ती एका मुलास बोलावते आणि आळींतल्या तान्ह्या मुलांस, आजाऱ्यांस, रात्रपाळी करून नुकत्याच निजलेल्या कामगारांस उठविते. पांच मिनिटें आधीं दाराशीं उभें राहिलें तर तो भोंगा आपोआप मिटतो. पालकांनीं शाळेच्या फाटकाशीं एकमेकांमागें उभें राहून जो कोलाहल करावयाचा, तो शाळेच्या दाराशींचा कोलाहल असतो, व आंत त्यांचींच मुलें प्रार्थनेस किंवा परीक्षेस बसलेलीं असतात. मोठ्या मुलांनीं मोटारसायकलीची नळी बदलून ती फटफटवीत तलावाभोंवतीं फिरविणें यांत शौर्य नाहीं. त्या आवाजानें दचकणारी कोणाची तरी आजी असते.

विज्ञानाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं आणखी एक काम करावें. आठवडाभर रोज रात्रीं दहा ते साडेदहा आपल्या गच्चीवर बसून भोंगे व शिट्ट्या मोजाव्या, वहींत तारीखवार लिहाव्या, आणि भ्रमणध्वनींतील मापकानें अदमासे डेसिबेलहि टिपावे. मेहरूण, पिंप्राळा, शहराचा जुना भाग अशा निरनिराळ्या वस्त्यांच्या वह्या एकत्र केल्या तर आपल्या शहराच्या रात्रीचा एक नकाशा तयार होईल. तो महानगरपालिकेकडे व वाहतूक पोलिसांकडे नेतां येईल. तक्रारीपेक्षां आंकड्याचें वजन अधिक असतें.

गोंगाट ही प्रगतीची अपरिहार्य किंमत आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. एके काळीं गांवांतून वाहणारें सांडपाणीहि अपरिहार्यच वाटत असे. पुढें गटारें झालीं व पटकी हटली. आवाजाचेंहि तसेंच होईल, पण त्यासाठीं प्रथम ‘सवय झाली’ हे दोन शब्द आपण सोडले पाहिजेत. दिवसभर राबलेल्या माणसास, मग तो गच्चीवर निजलेला असो कीं गाडीच्या टपावर, सलग सहा-आठ तास शांतता मिळणें ही चैन नव्हे. ती त्याची मजुरी आहे; ती कापून घेण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.