बावीस की बत्तीस?

गेल्या महिन्यात एक पत्र आलं. कोल्हापूरजवळच्याच एका तालुक्याच्या गावातून, वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. लिहिणाऱ्या ताई पन्नाशी ओलांडलेल्या. मालक गेल्यापासून सराफीचं दुकान त्याच बघतात. रोज रात्री दुकान वाढवायचं, दागिन्यांची पिशवी घ्यायची आणि घर गाठायचं. सोबतीला फार तर दुकानातला पोरगा. दोनदा मोटारसायकलवरून कुणीतरी मागं मागं आलं. त्यांनी शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला, पोलिसांची चौकशी झाली आणि परवाना हातात पडला. आता प्रश्न पुढचा. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, घ्यायची तर बत्तीसच घ्या." भाचा म्हणतो, "मामी, बावीस हलकी असते, तुम्हाला तीच झेपेल." पत्राच्या शेवटी ताईंनी लिहिलंय, "तुम्ही आम्हाला लोणच्यापासून सासूपर्यंत सगळं सांगता. मग हे पण सांगा. बावीस घेऊ की बत्तीस?"

खरं सांगते, पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू गेलं. ही बाई हौस म्हणून विचारत नव्हती. तिला भीती वाटत होती. आणि आजूबाजूचे सगळे पुरुष तिच्या भीतीवर आकड्यांत बोलत होते.

तसं बघितलं तर हे आकडे कोल्हापूरला परके नाहीत. आपल्या तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेतेपद मिळवलं ते बावीस बोअरच्या रायफलनं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात, आणि ते पिस्तूलही बावीसचंच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला, त्याची रायफलही त्याच बोअरची. त्यामुळं "बावीस म्हणजे पोरांचं खेळणं" असं कुणी म्हणालं, तर निदान या जिल्ह्यात तरी ते चालायचं नाही. पण खेळाचं पिस्तूल वेगळं आणि अंधारात पर्समधून काढायचं पिस्तूल वेगळं. राहीसमोर असतो कागद. तो हलत नाही, अंगावर धावून येत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, तेही इंचाच्या हिशेबात. बावीस म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले २२, साधारण साडेपाच मिलिमीटर. बत्तीस म्हणजे आठ मिलिमीटरच्या आसपास. पण खरा फरक भोकात नाही, वजनात आहे. आमच्या ताई सराफ आहेत, त्यांना लगेच कळेल. बावीसची नेहमीची गोळी अडीच ग्रॅमच्या थोडी वर, म्हणजे दहा ग्रॅमचा तोळा धरला तर पाव तोळा. रिव्हॉल्व्हरमधल्या बत्तीसची गोळी सहा ग्रॅमच्या वर, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून जास्त. आखूड नळीतून सुटताना बत्तीसचा जोर बावीसच्या साधारण दीडपट भरतो. ऐकायला मोठा वाटतो. पण पोलिसांकडच्या नऊ एमएम पिस्तुलाचा जोर या बत्तीसच्याही जवळजवळ तिप्पट असतो, आणि ते बोअर तुम्हा-आम्हाला मिळत नाही. कायद्यानं ते प्रतिबंधित आहे. म्हणजे दीर आणि भाचा ज्या दोघींत भांडतायत, त्या दोन्ही धाकट्या बहिणीच.

सिनेमात गोळी लागली की माणूस चार फूट मागं उडून पडतो. तसं होत नाही हो. बावीसच्या गोळीनं माणूस मरतो, हे कुणी विसरू नये. पण तो तिथल्या तिथं थांबेलच असं नाही. अंगावर आलेला माणूस गोळी लागल्यावरही चार पावलं येऊ शकतो, आणि ती चार पावलंच तुमच्या जिवावर बेततात. बत्तीसनं तो थांबण्याची शक्यता थोडी वाढते, एवढंच. खात्री तिचीही नाही.

बावीसची आणखी एक खोड आहे. तिच्या काडतुसात ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. बत्तीसमध्ये तो मधोमध, वेगळ्या टोपीत असतो. कडेतला मसाला कधीकधी दगा देतो, घोडा पडतो पण बार होत नाही. रिव्हॉल्व्हर असेल तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरून पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तूल असेल तर दुसऱ्या हातानं वरची सरकपट्टी मागं खेचावी लागते. ती स्प्रिंग किती कडक असते ते दुकानात एकदा खेचून बघा. आयुष्यभर पोळपाट-लाटणं आणि विहिरीचा दोर ओढलेले हात असले तरी पन्नाशीनंतर सांधे धरलेले असतात, आणि भीतीनं घाम फुटलेला असतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पिस्तूल की रिव्हॉल्व्हर असं असेल तर रिव्हॉल्व्हर.

आणि हो, दुकानदाराला "बत्तीसच्या गोळ्या द्या" एवढंच सांगून भागत नाही. बत्तीसच्या पिस्तुलाचं काडतूस आखूड, त्याची गोळी हलकी. रिव्हॉल्व्हरचं लांब. दोन्हीला बत्तीसच म्हणतात, पण एकीचं दुसरीत चालत नाही. दोन्हींच्या बुडावर 'केएफ' अशी अक्षरं दिसली तर ती काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली, हे जाता जाता सांगून ठेवते. काही जुन्या वाड्यांतून आजोबांच्या वेळचं पंचवीस बोअरचं इवलंसं विलायती पिस्तूलही निघतं. दिसायला अगदी अत्तरदाणीसारखं. त्याच्या मोहात पडू नका. जोर बावीसच्याच पंक्तीतला आणि वय आजोबांइतकं. आणि ते नावावर करून घेतल्याशिवाय घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आजोबा कितीही मोठे असले तरी.

बायकांसाठी म्हणून खास हत्यार काढण्याचा प्रयत्नही आपल्याकडं झाला. दिल्लीची ती घटना डिसेंबर २०१२ ची. त्यानंतर वर्षभरानं, जानेवारी २०१४ मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. सहा गोळ्यांचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम. किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या वर. दागिन्यांच्या डबीसारख्या मखमली पेटीतून ते द्यायचे म्हणे. पुढं बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यानं 'निडर' काढलं. ते बावीसचं, वजन त्याच्या निम्मं, म्हणजे २५० ग्रॅम, आणि किमतीलाही बरंच स्वस्त. म्हणजे आमच्या ताईंच्या घरातलं भांडण सरकारी कारखान्यांनी आधीच मांडून ठेवलेलं! २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आलं, पुन्हा बत्तीस, पण जड आणि लांब पल्ल्याचं.

'निर्भीक' निघालं तेव्हा मणिपूरच्या बीनालक्ष्मी नेप्राम यांनी जाहीर नापसंती दाखवली होती. बंदुकीमुळं घरचा माणूस गमावलेल्या बायांसाठी त्या काम करतात. ज्या मुलीच्या आठवणीनं हे नाव दिलं, तिचा हा मान नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा ते जरा टोकाचं वाटलं होतं. आता तितकं वाटत नाही. लाखभर रुपयांचं हत्यार ही ज्यांना परवडते अशा बायका किती? आणि उसाच्या फडात, एसटी स्टँडवर, रात्रपाळीच्या कारखान्याबाहेर ज्यांना भीती वाटते त्या कोण?

हलकं म्हणजे बरं, असं आपल्याला वाटतं. भाजीची पिशवी असेल तर खरंच आहे. पण शस्त्र जितकं हलकं, तितका त्याचा झटका हाताला जास्त. अर्धा किलोच्या रिव्हॉल्व्हरमधून बत्तीस उडवली की मनगटाला कळतं. बावीसचा झटका कमी, म्हणून तिचा सराव जास्त वेळ करता येतो, आणि सरावानं नेम बसतो. भाच्याचं म्हणणं इथं खरं ठरतं. चुकलेल्या बत्तीसपेक्षा लागलेली बावीस बरी. आणि चुकलेली गोळी हवेत विरत नाही. महाद्वार रोडसारख्या गर्दीत ती कुणाच्या तरी लेकराला लागते.

आता जिथं कुणी बोलतच नाही तिथं येते. ही वस्तू ठेवायची कुठं? परवाना असला तरी ती सार्वजनिक ठिकाणी मिरवता येत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं ती म्यानात किंवा पिशवीत पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात असली पाहिजे. सगळी म्यानं बनवलीत ती पॅन्ट आणि पट्टा घालणाऱ्या पुरुषाच्या कमरेसाठी. साडीला काय? निऱ्यांत? राहिली पर्स. आणि पर्स हीच चोर सगळ्यात आधी ओढतो! दागिन्यांबरोबर भरलेलं रिव्हॉल्व्हरही त्याच्या हातात जाणार. पर्समध्ये किल्ल्या, चिल्लर, केसांच्या पिना. यातलं काहीही चापात अडकू शकतं. म्हणून वेगळा कप्पा हवा, त्यात दुसरं काही नको, आणि ती पर्स कधी खांद्यावरून खाली ठेवायची नाही. ताईंना सात वर्षांचा नातू आहे. आजी घरी आली की तो आधी पर्समध्ये हात घालतो, श्रीखंडाच्या गोळीसाठी. हे त्यांनीच पत्रात लिहिलंय, दुसऱ्याच कुठल्या तरी संदर्भात, सहज. मला ते वाक्य दोन रात्री झोपू देईना.

अंतराचाही हिशेब बघा. एकवीस फुटांवरून धावत आलेला माणूस साधारण दीड सेकंदात अंगाशी येतो. अमेरिकेतल्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं १९८३ मध्ये हे लिहिलं आणि तिकडं पोलिसांना ते अजून शिकवतात. दीड सेकंदात पर्सची चेन उघडते का? घरी घड्याळ लावून बघा, रिकाम्या हातानं, मोबाइल काढून. मी बघितलं. मला सहा सेकंद लागले, आणि आधी हाताला चष्म्याचं घर लागलं.

कायदाही सोपा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. जिवावरचा हल्ला, बलात्कार, अपहरण, ॲसिड अशा प्रसंगी हल्लेखोराचा जीव गेला तरी कलम ३८ आपल्या बाजूनं उभं राहतं. जबरी चोरी, दरोडा यांसाठीही तरतूद आहे. पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरता येत नाही. पिशवी हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली आणि तो मेला, तर ते त्यात बसेल असं धरून चालू नका. कोर्टाच्या पायऱ्या तुम्हाला चढाव्या लागतील, दुकान सोडून. शिवाय निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. शस्त्र ठाण्यात, भीती घरात.

आणि आपल्यातल्या बहुतेकींना धोका मोटारसायकलवाल्याकडून नसतोच. सरकारी गुन्हे नोंदणीचे आकडे दरवर्षी तेच सांगतात, बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून जास्त वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, लग्नाचं वचन दिलेला, मालक. तिथं बावीस काय आणि बत्तीस काय? चहाचा कप देताना कुणी पर्स उघडून बसत नाही. घरात दारू पिऊन मारणारा नवरा असेल, तर ते रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा कुणाच्या हाताला लागेल, याचा विचार करा. कपाटाची किल्ली कुठं असते हे त्याला ठाऊक असतं.

पण आमच्या ताईंचा धोका वेगळा आहे, हे मी मान्य करते. रोज एकाच वेळी, एकाच रस्त्यानं सोनं नेणाऱ्या बाईला "घाबरू नका हो" म्हणणं सोपं. म्हणून त्यांना मी लिहिलं ते असं. आधी तीन महिने रायफल क्लबमध्ये जा. तिथं सुरुवात बावीसनं करा. पुढं बत्तीसचा सराव करू देतात का, ते आधीच विचारून घ्या. हाताला बत्तीस पेलली आणि दर महिन्याला सराव करायची तयारी असली, तर बत्तीसचं रिव्हॉल्व्हर घ्या. पेलली नाही तर बावीसचं रिव्हॉल्व्हर. सराव होणार नसेल तर दोन्ही नको, परवाना कपाटात राहू दे. आणि काही घेतलंत तरी कुलपाची लोखंडी पेटी त्याच दिवशी घ्या. नातवाला गोळी आजीनं स्वतःच्या हातानं द्यायची, पर्स बंद.

शिवाय सोनं रोज घरी का न्यायचं, हेही विचारलं. दुकानात तिजोरी, बँकेत लॉकर, रोज निघायची वेळ बदलणं, दुकानातल्या पोराला ११२ नंबर पाठ करायला लावणं. मिरचीचा स्प्रेसुद्धा मिळतो, त्याला परवाना लागत नाही आणि तो चुकून नातवाच्या हाती गेला तर लेकरू रडेल, पण वाचेल.

परवा त्यांचा फोन आला. शस्त्राच्या दुकानात जाऊन आल्या होत्या. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप दुकानदारानं त्यांना सहा वेळा ओढायला लावला. "चौथ्याला बोट थरथरायला लागलं बघा," म्हणाल्या. दीर शेजारीच उभे होते, काही बोलले नाहीत. अजून काही घेतलेलं नाही. तिजोरीवाला मात्र येत्या सोमवारी दुकानात माप घ्यायला येणार आहे, आणि क्लबात जायचं कुठल्या वारी, ते त्या दुकानाच्या सुट्टीवरून ठरवतायत.