मेलेले यंत्र? छे!

‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. इंग्लंडच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली काढलेला हा घरगुती संगणक. पडदा म्हणून घरचा टी.व्ही., कार्यक्रम साठवायला साधा टेपरेकॉर्डर, आणि स्मृती अवघी ४८ किलोबाइट! आपल्या पुण्यातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ च्या सुमारास त्याची आवृत्ती काढली होती. १९९२ मध्ये मूळ यंत्राचे उत्पादन थांबले. मग त्याला भविष्य ते कसले, असे कोणीही विचारील.

मला तर ते चांगलेच दिसते. जगभरचे हौशी लोक आजही त्याच्यासाठी नवे खेळ लिहितात. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची नवी प्रतिकृतीसुद्धा बाजारात आली. पण माझी भिस्त बाजारावर नाही. स्पेक्ट्रमचे हक्क विकत घेणाऱ्या अ‍ॅमस्ट्राड कंपनीने १९९९ मध्ये त्याची अंगभूत आज्ञावली वाटण्यास परवानगी दिली. त्यामुळे तोच संगणक आज मोबाइलवर फुकट चालतो, आणि तोही रेंज नसताना. गडचिरोलीकडच्या मित्रांना याचे मोल वेगळे सांगायला नको!

चंद्रपूरला शिकायला आलेला मी आमच्या घरातला पहिलाच. घरी संगणक कधी नव्हता. मोबाइल आला, पण तो नुसते बोट फिरवायला शिकवतो. आत काय चालले आहे ते कळू देत नाही. स्पेक्ट्रम सुरू होतो आणि तुमच्या आज्ञेची वाट पाहत बसतो. याने नोकरी मिळेल का, असे मित्र विचारतात. नाही मिळणार. (कवितेनेही मिळत नाही, तरी या अंकात त्या असतातच.)

आमच्या घरी गोंडी बोलतात. बालाघाटच्या मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. संगणकाच्या युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली ती २०१७ साली, म्हणजे ९९ वर्षांनी! स्पेक्ट्रमवर असे कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आठ ओळी, दर ओळीत आठ ठिपके. ठिपका हवा तेथे १, नको तेथे ०. झाले अक्षर! अशी स्वतःची २१ अक्षरे त्यात एका वेळी ठेवता येतात. सगळी लिपी तेवढ्यात मावत नाही, म्हणून मी आधी स्वर घेतले आहेत.