जुनी लॅम्बोर्गिनी, एमएच-२७ पासिंग : गाडी परवडेल, पण तिचे कागद परवडतील का?

वापरलेल्या इटालियन सुपरकारच्या किमतीत गाडीपेक्षा कराचा वाटा मोठा असतो. तो कर कोणी, कुठे आणि किती भरला, हे न तपासता केलेला सौदा अंगाशी येऊ शकतो.

‘सिंगल ओनर, ९ हजार किलोमीटर, किंमत नव्याच्या निम्मी.’ फेरारी किंवा लॅम्बोर्गिनीच्या अशा जाहिराती आता मुंबई-दिल्लीपुरत्या राहिलेल्या नाहीत. परतवाड्यातल्या मोबाइलवरही त्या तितक्याच सहज दिसतात. सागवानाचा व्यापार असो की संत्र्याचा, हाती मोठी रक्कम असलेल्याला ‘एवढ्यात तर येऊन जाईल’ असे वाटू शकते. पण जाहिरातीतला आकडा ही फक्त सुरुवात असते.

नवी गाडी एवढी महाग का?

फेरारी आणि लॅम्बोर्गिनीच्या गाड्या इटलीतून पूर्ण तयार होऊन भारतात येतात. अशा महागड्या गाड्यांवर एकूण ११० टक्के आयात शुल्क लागते. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर तो सरसकट ४० टक्के आहे. त्याआधी उपकरासह तो ४८ ते ५० टक्क्यांपर्यंत जात होता.

हिशेब असा : गाडीची मूळ किंमत १ कोटी धरली तर शुल्कासह ती २ कोटी १० लाख होते. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे ८४ लाख. डीलरचा नफा, विमा आणि आरटीओ कर लागण्याआधीच आकडा २ कोटी ९४ लाखांवर जातो. यातले जवळपास १ कोटी ९४ लाख हा निव्वळ कर आहे. जुन्या गाडीच्या किमतीत याच कराचा उरलेला भाग दडलेला असतो.

मग परदेशातून जुनीच गाडी आणली तर?

हा मार्ग दिसतो तितका सोपा नाही. आयात होणारी वापरलेली गाडी उत्पादनापासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. स्टिअरिंग उजवीकडे लागते. शिवाय वापरलेल्या गाडीवरचे शुल्क नव्या गाडीपेक्षाही जास्त आहे. त्यामुळे ‘दुबईहून स्वस्तात आणून देतो’ असे कोणी म्हणत असेल, तर आधी कागद मागावेत.

सचिन तेंडुलकरच्या फेरारीचे काय झाले होते?

२००२ मध्ये सचिनने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीने मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. गाडीची किंमत सुमारे ७५ लाख होती, तर आयात शुल्क सुमारे १ कोटी १३ लाख. सरकारने हे शुल्क माफ करण्याचे ठरवल्यावर २००३ मध्ये वाद पेटला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेर शुल्क फियाटने भरले. २०११ मध्ये सचिनने ही गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

महाराष्ट्रातली ही बहुधा सर्वांत गाजलेली ‘सेकंड हँड’ फेरारी. शुल्काचा प्रश्न आधीच मिटलेला असल्याने तिचा सौदा सरळ होता. प्रत्येक गाडीच्या बाबतीत असे नसते.

शुल्क चुकवलेली गाडी हाती आली तर?

२०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या नावावर शुल्कमाफीत गाड्या आणून त्या खासगी लोकांना विकणारी टोळी उघडकीस आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे आणलेल्या वापरलेल्या गाड्यांविरोधात ‘ऑपरेशन नुमखोर’ राबवले. दुसऱ्या-तिसऱ्या मालकांच्या दारातूनही गाड्या जप्त झाल्या.

एका आयात केलेल्या पोर्शे कॅरेराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीदाराला दिलासा दिला. नंतरचा खरेदीदार हा ‘आयातदार’ नसतो, म्हणून थकलेले शुल्क त्याच्याकडून वसूल करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र हे ऐकण्यासाठी त्या खरेदीदाराला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आणि शुल्क वसुली वेगळी, गाडीची जप्ती वेगळी.

पासिंग कुठले, हे महत्त्वाचे का?

कारण रस्ता कर राज्यागणिक बदलतो. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीवर २० टक्के कर आहे, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती पूर्वी २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. म्हणजे ४ कोटींच्या गाडीवर २० टक्क्यांनी ८० लाख होत असले, तरी भरायचे ३० लाखच. कर्नाटकात अशी मर्यादा नाही.

याचा फटका जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत दिसला. महाराष्ट्राची नंबर प्लेट असलेली सुमारे साडेसात कोटींची फेरारी एसएफ९० तिथे फिरत होती. तिथल्या परिवहन विभागाने दंडासह सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये वसूल केले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेंगळुरूत परराज्यातल्या ३० आलिशान गाड्या ताब्यात घेतल्या गेल्या होत्या.

मोटार वाहन कायद्यानुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. म्हणून स्वस्त दिसणारी पुदुच्चेरी किंवा झारखंड पासिंगची गाडी परतवाड्यात आणली, तर अमरावती आरटीओत वयानुसार ठरणारा एकरकमी कर पुन्हा भरावा लागेल. जुन्या राज्याकडून परतावा मिळवणे हे वेगळे काम. उलट एमएच-०१ किंवा एमएच-१२ पासिंगची गाडी घेतली, तर राज्याचा कर आधीच भरलेला असतो आणि फक्त मालकी हस्तांतरण उरते. जाहिरातीत १० लाखांनी महाग दिसणारी मुंबईची गाडी शेवटी स्वस्त पडते ती अशी.

सौद्यात आणखी किती पैसे जातात?

डीलरकडून घेतल्यास त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, पूर्ण किमतीवर नाही. डीलरने १ कोटी ८० लाखांत घेतलेली गाडी २ कोटींना विकली, तर जीएसटी २० लाखांवर, म्हणजे ३ लाख ६० हजार. व्यावसायिक विक्रेता १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएसही घेतो. २ कोटींवर तो २ लाख होतो आणि पुढे आयकरात वळता करून घेता येतो. थेट मालकाकडून घेतल्यास हा जीएसटी नाही. मात्र २ लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे कायद्याने चालत नाही. ‘थोडे वर, थोडे खाली’ हा व्यवहार इथे महागात पडतो.

परतवाड्यात ती चालेल का?

चालेल, पण सवयी बदलाव्या लागतील. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब उताराचा हवा. लॅम्बोर्गिनी हुराकानचे पोट जमिनीपासून १२-१३ सेंटीमीटरवर असते. गावोगावचे गतिरोधक मानकात क्वचितच बसतात. त्यामुळे पुढचा भाग वर उचलणारी ‘लिफ्ट’ सुविधा असलेलीच गाडी घ्यावी.

दुरुस्तीसाठी कंपनीचे जवळचे अधिकृत केंद्र मुंबईत, सुमारे सातशे किलोमीटरवर. बंद पडली तर सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी लागेल. चिखलदऱ्याचा घाट मोहात पाडतो, पण जुन्या गॅलार्डोचा ‘ई-गिअर’ क्लच चढावर आणि गर्दीत लवकर झिजतो. फेरारी ३६० सारख्या गाडीत टायमिंग बेल्ट ठराविक वर्षांनी बदलावेच लागतात, गाडी उभी असली तरीही. म्हणून ‘कमी चाललेली’ म्हणजे ‘चांगली’ असे समीकरण इथे लागू होत नाही. आणि समृद्धी महामार्गावरही वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटरच आहे.

टोकन देण्याआधी काय तपासावे?

- आयातीची मूळ पावती, म्हणजे ‘बिल ऑफ एंट्री’, किंवा कंपनीचे मूळ बिल. त्यावरचा चॅसिस नंबर प्रत्यक्ष गाडीशी आणि आरसी बुकाशी जुळवावा.
- ‘एम-परिवहन’ ॲपवर मालकाचा क्रमांक, कर्जाचा बोजा आणि थकीत चलन.
- परराज्यातली गाडी असल्यास फॉर्म २८ ची एनओसी. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०.
- डीलर आरटीओकडे नोंदलेला आहे का? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला अधिकृत परवानगी घ्यावी लागते.
- अधिकृत केंद्रात तपासणी. क्लच किती उरला, हे स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. मालक नकार देत असेल तर सौदा सोडावा.
- विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस खरेदीदाराला मिळत नाही.

आता घ्यावी की थांबावे?

भारत आणि युरोपीय महासंघातील मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी २७ जानेवारी २०२६ रोजी पूर्ण झाल्या. युरोपातल्या गाड्यांवरचे शुल्क ११० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणण्याचे त्यात ठरले आहे, वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या कोट्यात. वरचाच हिशेब १० टक्के शुल्काने केला, तर १ कोटीची गाडी २ कोटी ९४ लाखांऐवजी १ कोटी ५४ लाखांत बंदराबाहेर येईल.

हे एका रात्रीत होणार नाही. पण नव्या गाडीवरचा कर उतरला, की जुन्या गाडीत अडकलेल्या कराला गिऱ्हाईक उरत नाही. ‘पुढे विकली तरी पैसे निघतील’ या भरवशावर आज जुनी सुपरकार घेणाऱ्याला याचा सर्वाधिक फटका बसू शकतो. चालवण्याच्या हौसेसाठी घेणाऱ्याचा हिशेब वेगळा. पण हौसेलाही स्वच्छ कागद लागतात. गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्याने मात्र कराराच्या अंमलबजावणीचे वेळापत्रक समोर ठेवूनच टोकन द्यावे.