पेटंट-गप्पा : "हे काय, कुणालाही सुचलं असतं!"



गेल्या आठवड्यात एका मित्राचा फोन. स्पीकरफोनमधला प्रतिध्वनी काढायच्या त्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या पेटंट ऑफिसने फायनल नकार दिला. कलम 103! फिल्टर एका जुन्या पेटंटमध्ये, मायक्रोफोनची मांडणी दुसऱ्यात, दोन्ही जोडणं कुठल्याही जाणकाराला सहज सुचलं असतं म्हणे. "मग दोन वर्षं मी काय झोपा काढत होतो?" स्वारी भडकलेली. अपील करू का, म्हणाला. पैसे स्वतःच्या खिशातले.

मी त्याला लेनर्ड कान यांची गोष्ट सांगितली. (आवाजाच्या धंद्यात आडनाव कान! असो.) एएम स्टिरिओ रेडिओवर काम केलेले हे इंजिनिअर. त्यांनी अंधांनाही वापरता येईल अशा वाचनयंत्रासाठी अर्ज केला. यंत्र शब्द बोलणार, आणि तो आवाज पानावर शब्द जिथे आहे तिथूनच आल्यासारखा वाटणार. मला तर कल्पना फारच आवडली. पण बोर्डाने जुनी पेटंटं काढली : एकात नजरेचा माग काढणं, दुसऱ्यात आवाजाची जागा भासवणं. कान यांचं म्हणणं, हे उत्तर बघून गणित सोडवणं झालं. 2006 साली फेडरल सर्किट कोर्टाने बोर्डाचाच निर्णय कायम केला.

गंमत पुढेच आहे. त्याच निकालात कोर्टाने बजावलं की नुसतं "उघड आहे" म्हणून भागणार नाही, का जोडलं असतं ते तर्काने सांगा. 2007 साली केएसआर खटल्यात (विषय गाडीचं पेडल!) सुप्रीम कोर्टाने हेच वाक्य उचललं. मात्र ते कारण कागदावर लिहिलेलंच हवं असं नाही, जाणकाराची अक्कलही धरायची, असंही म्हटलं. त्यामुळे "दोन्ही पेटंटांत जोडा असं कुठे लिहिलंय?" एवढ्यावर आता अपील जिंकणं अवघड.

मित्राला विचारलं, जोडल्यावर अपेक्षेबाहेर काय मिळालं? दोन्हीकडची माणसं एकदम बोलली की असे फिल्टर भरकटतात, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक. याचा म्हणे भरकटत नाही! अरे, मग मोजमापं कुठायत? अर्जात एक ओळसुद्धा नाही. अपिलात नवा पुरावा सहसा घेत नाहीत. म्हणून आधी फी भरून तपासणी पुन्हा उघडून घे, शपथपत्रासोबत आकडे फाइलवर आण, अपिलाचं मग बघू, असं सांगितलंय.

सध्या तो जुन्या लॅपटॉपचा चार्जर शोधतोय.